वारसा कराची भीती आणि सहा किलोमीटरचं वर्तुळ : खान्देशातल्या मालमत्तेच्या वाटपाची तयारी

दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी पंधरा दिवस माझा फोन थांबत नाही. रावेरचा केळीवाला, अमळनेरचा शेअरवाला, जळगावचा डाळमिलवाला, सगळ्यांचा प्रश्न एकच : "वारसा कर येतोय म्हणे. आते काय करानं, भाऊ?" कर सल्लागार म्हणून जळगावात माझी निम्मी हयात गेली. या धास्तीपोटी झालेली बक्षीसपत्रं मी पाहिली आहेत आणि पुढे त्यांनीच केलेलं नुकसानही. शहराला लागून असलेली जमीन घाईघाईने धाकट्याच्या नावे करणारे एक आप्पा आज त्याच धाकट्याशी प्रांताधिकाऱ्यांसमोर भांडत आहेत.

आधी भीतीचा हिशेब मिटवू. मालमत्ता शुल्क, म्हणजे मेल्यावर लागणारा कर, आपल्याकडे १९५३ पासून होता आणि १६ मार्च १९८५ पासून तो बंद झाला. एके काळी त्याचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत होता, म्हणून जुन्या माणसांच्या मनातून त्याची दहशत जात नाही. देणाऱ्यावरचा बक्षीस कर १ ऑक्टोबर १९९८ पासून गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने उठवला. आज वडिलांकडून मुलाकडे वारशाने काहीही आलं, तरी येण्यावर कर नाही.

कर लागतो तो पुढे, विकताना. सवलती बदलल्या आहेत त्याही तिथेच, एकेक करून आणि फारसा गाजावाजा न होता. त्या कोणाला मिळणार हे कागदावर कोणाचं नाव आहे त्यावर ठरतं. म्हणून पुढचा सगळा क्रम नावांपासून सुरू होतो.

पहिली पायरी : वही

दोनशे पानी वही घ्या. संगणक नको, कारण घरातल्या वयस्कर माणसाला ती स्वतः उघडता आली पाहिजे. एका पानावर एक मालमत्ता. शेत असेल तर गट नंबर, क्षेत्र, सातबारावर आज कोणाची नावं आहेत, इतर हक्कात काय लिहिलं आहे, विहीर सामायिक आहे का. शहरातलं घर असेल तर सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. गाळा, प्लॉट, जिनिंगमधली भागीदारी, पतसंस्थेतल्या ठेवी, लॉकर, विमा, डीमॅट खातं, दिलेली उसनवारी आणि घेतलेली कर्जं. शेवटचा प्रकार लोक लिहीत नाहीत आणि भांडण नेमकं त्यावरून पेटतं.

मग प्रत्येक पानावर लिहा की ही वस्तू मुळात आली कुठून. आजोबांची, वडिलांनी घेतलेली, स्वतःच्या कमाईची की हिंदू अविभक्त कुटुंबाच्या पॅनवरची? निम्मी घरं इथेच अडखळतात. सातबारावर एकट्या मोठ्या भावाचं नाव 'एकुम्या' म्हणून लागलेलं असतं आणि तीस वर्षांनी त्याच्या मुलांना ती जमीन आपलीच वाटायला लागते. एकुम्या म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याला मालक समजायचं नसतं.

मृत माणसांची नावं अजून सातबारावर असतील तर वारस नोंद आधी करून घ्या. राज्याने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली तरी कित्येक गावांत पणजोबा अजून कागदावर शेती करत आहेत. मयताच्या नावावरून ना बक्षीसपत्र होतं ना वाटणी. शिवाय महामार्गाला जमीन गेली की मोबदल्याचा धनादेश कागदावरची नावं पाहून निघतो. जळगाव-धुळे रस्त्याच्या कामात हे अनेकांनी अनुभवलं आहे.

दुसरी पायरी : मुली

ही पायरी लोक शेवटी ठेवतात. मी ती दुसरी ठेवतो.

९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्माने सहहिस्सेदार आहे. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच राज्यापुरती दुरुस्ती केली होती. त्यामुळे बहिणींना वगळून केलेली वाटणी ही पुढच्या पिढीसाठी ठेवलेली कोर्टाची तारीख समजा.

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोका, गौराई, सांजोऱ्या, आणि त्याच चार दिवसांत हक्कसोडपत्रावर सह्या. मला यातलं दडपण आवडत नाही, पण निमित्त चांगलं आहे. सगळी भावंडं एका छताखाली वर्षातून तेव्हाच असतात. बोलणी आखाजीला करा आणि सह्या महिनाभराने. लेकीला घरी जाऊन विचार करू द्या, तिच्या वकिलाला मसुदा वाचू द्या. असं केलेलं हक्कसोड पुढे कोणी "फसवून घेतलं" म्हणत नाही.

कराच्या बाजूने पाहिलं तर बहिणीने मोबदला न घेता भावाच्या लाभात हक्क सोडला, तर तिला भांडवली नफा, म्हणजे मालमत्ता दिल्याने होणारा करपात्र नफा, नाही आणि भावालाही कर नाही. तिने पैसे घेऊन हक्क सोडला आणि मालमत्ता करपात्र असली, तर तिच्या रकमेवर भांडवली नफ्याचा हिशेब लागतो. कागदावर 'विनामोबदला' लिहून पाठीमागून बारा लाख देण्याची पद्धत आहे. ती नको. बँकेतून गेलेली रक्कम उद्या दोघांनाही समजावून सांगावी लागते. त्यापेक्षा ठरलेली रक्कम लिहा, तिने कर भरावा किंवा त्यात बसणारी सवलत घ्यावी.

एक गोष्ट नंदुरबारकडच्या वाचकांसाठी. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे जायला जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार टिकत नाही. शहादा-तळोद्याकडच्या कोणा व्यापाऱ्याच्या वहीत अशी जमीन 'आपली' म्हणून लिहिलेली असेल, तर ते पान वारसांना देण्याआधी वकिलाकडे न्या.

तिसरी पायरी : शेतजमिनीचं वर्तुळ

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा. घाईत असाल तर एवढाच वाचा.

ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही. ती विकली तर नफ्यावर कर शून्य, मग रक्कम पाच कोटी असो. पण 'ग्रामीण' हे गावाच्या नावावरून ठरत नाही, जवळच्या नगरपालिकेपासूनच्या अंतरावरून ठरतं. शहराची लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर, त्यावर ८ किलोमीटर. अंतर रस्त्याने मोजायचं नाही, हवाई धरायचं. लोकसंख्या धरायची ती शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेची.

जळगाव, धुळे, भुसावळ आणि नंदुरबार २०११ लाच लाखाच्या वर होते. त्यांचं वर्तुळ ६ किलोमीटरचं. पण अमळनेर २०११ मध्ये ९५-९६ हजारांवर थांबलं होतं आणि चाळीसगाव ९७ हजारांच्या आसपास. म्हणजे आज या दोन्ही गावांचं वर्तुळ २ किलोमीटरचं आहे. आता जनगणना २०२७ ची येते आहे. तिचे आकडे प्रसिद्ध झाले आणि या गावांनी लाखाचा आकडा ओलांडला, तर पुढच्या कर वर्षापासून वर्तुळ थेट ६ किलोमीटरचं होईल. हद्दीपासून ३-४ किलोमीटरवरची जी काळी जमीन आज विकल्यावर कर लागत नाही, तीच उद्या करपात्र. कायद्यात एक शब्दही न बदलता सवलत जाईल. दिल्लीच्या अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसलेल्यांना ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ते गप्प होतात.

म्हणून लगेच विकायला काढा असं मी म्हणत नाही. जमीन कराच्या भीतीने विकण्याची वस्तू नाही. पण पाच वर्षांत विकायचीच, असं घरात ठरलेलं असेल तर कधी विकायची हे ठरवताना हे धरा. भूमी अभिलेखकडून किंवा तहसीलकडून हवाई अंतराचा दाखला आत्ताच घेऊन वहीत लावा. आणि जमीन बिनशेती करण्याची घाई करू नका. बिनशेती झाली की शेतजमीन म्हणून मिळणारं संरक्षण संपतं.

जमीन वर्तुळाच्या आत असेल, तर २३ जुलै २०२४ चा बदल समजून घ्यावा लागेल. त्या दिवसापासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आला आणि महागाई निर्देशांकाचा फायदा, म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सोय, गेली. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतींसाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांना पर्याय राहिला : जुन्या रीतीने निर्देशांक लावून २० टक्के, किंवा नवीन १२.५ टक्के, जो कमी तो.

उदाहरण घ्या. वडिलांच्या नावे १९८८ पासून जमीन आहे. १ एप्रिल २००१ ची किंमत (इतक्या जुन्या मालमत्तेची खरेदी किंमत म्हणून हीच धरता येते) २० लाख, विक्री १ कोटी. नव्या रीतीने नफा ८० लाख, कर १० लाख. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ होता, तो लावला तर खरेदी किंमत ७५.२ लाख धरली जाते, नफा २४.८ लाख आणि कर ४ लाख ९६ हजार. निम्मा. आता २००१ ची किंमत २० ऐवजी १० लाख धरा. नव्या रीतीने ११.२५ लाख, जुन्या रीतीने १२.४८ लाख. इथे नवी रीत बरी. याच निर्देशांकावर ढोबळ खूण अशी : विक्रीची किंमत २००१ च्या किमतीच्या साधारण ८.४ पटीपेक्षा कमी असेल तर जुनी रीत, जास्त असेल तर नवी. (अधिभार आणि उपकर वेगळे.)

यातून तीन कामं निघतात. एक, २००१ च्या किमतीचा शासनमान्य मूल्यांककाचा अहवाल आजच करून ठेवा. जमीन-इमारतीसाठी ही किंमत तेव्हाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, म्हणून २००१ च्या रेडी रेकनरचा उतारा सोबत लावा. दोन, हा पर्याय अनिवासी भारतीयांना नाही, भागीदारी फर्म आणि कंपनीलाही नाही. अमेरिकेतल्या मुलाच्या नावे प्लॉट करून मग विकला, तर वडिलांना मिळालेला पर्याय त्याला मिळत नाही. तीन, बक्षीस देऊन मग विकायचं असेल तर नव्या मालकासाठी 'संपादनाची तारीख' कोणती, यावर आयकर खात्याकडून प्रश्न निघू शकतो. विकायचंच आहे तर ज्याच्या नावावर आहे त्यालाच विकू द्या आणि पैसे वाटा. पैशाचं बक्षीस सोपं असतं.

नफा वाचवण्याचे जुने मार्ग शाबूत आहेत, पण आता त्यांना छत आहे. वर्तुळातली शेतजमीन विकून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सूट आहे. अट अशी की विक्रीआधीची दोन वर्षं ती स्वतः, आई-वडिलांनी किंवा कुटुंबाने कसलेली हवी. यावल-चोपड्याकडचे लोक हा मार्ग बिनचूक वापरतात. घर घेऊन मिळणाऱ्या सवलतीवर मात्र २०२३ च्या अर्थसंकल्पाने १० कोटींची मर्यादा घातली. ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत, पाच वर्षं अडकवून. आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ आला आहे, कलमांचे क्रमांक बदलले. जुन्या पाठ केलेल्या आकड्यांनी सल्लागाराला विचारू नका, विषय सांगा.

चौथी पायरी : अमळनेरची पत्र्याची पेटी

विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेरला तेलाच्या कारखान्याने झाली, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. त्या काळी घेतलेले शेअर पिढ्यान्‌पिढ्या न विकता ठेवणारी घरं अमळनेरात आहेत. त्यांची अडचण गरिबीपेक्षा वेगळी, पण अडचणच.

पेटीतली कागदी प्रमाणपत्रं आधी डीमॅट करा. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकता येत नाहीत. वारसाच्या नावे करता येतात, पण सह्या जुळत नाहीत, आजीचं नाव प्रमाणपत्रावर माहेरचं, आधारवर सासरचं. ही दुरुस्ती माणूस हयात असताना पंधरा दिवसांचं काम, नंतर दोन वर्षांचं. सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असतात. ते आयईपीएफ-५ हा अर्ज भरून परत मिळतात. बुडालेले नसतात, पण चिकाटी लागते.

आता कर. शेअरबाजारात विकलेल्या शेअरवरचा दीर्घ मुदतीचा नफा २०१८ पर्यंत माफ होता, मग १० टक्के झाला, २३ जुलै २०२४ पासून १२.५. दर माणशी वर्षाला सव्वा लाखाचा नफा माफ. ३१ जानेवारी २०१८ पूर्वीच्या शेअरची खरेदी किंमत म्हणून त्या दिवसाचा उच्च भाव धरता येतो. मेख बोनसमध्ये, म्हणजे कंपनीने फुकट दिलेल्या जादा शेअरमध्ये, आहे. समजा तेव्हा विप्रोचे ३०० शेअर होते. मार्च २०१९ मध्ये तीनाला एक बोनस, झाले ४००. डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक, झाले ८००. यांतल्या फक्त ३०० ना २०१८ चा भाव मिळतो. उरलेल्या ५०० ची खरेदी किंमत शून्य. विकताना जुने आधी गेले असं धरलं जातं, त्यामुळे पहिल्या विक्रीत कर कमी दिसतो आणि लोकांना वाटतं पुढेही तसाच येईल. वहीत शेअर असेच तारखेनुसार लिहा.

इथे कुटुंबाचा आकार कामी येतो. सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, आई-वडील यांना शेअर बक्षीस दिले तर प्रत्येकाची सव्वा लाखाची माफी वेगळी मोजली जाते, आणि निवासी असून दुसरं उत्पन्न नसेल तर ४ लाखांची मूळ मर्यादाही. पण पत्नीला किंवा सुनेला दिले तर त्याचं उत्पन्न देणाऱ्याच्याच डोक्यावर येतं. अज्ञान नातवाचं उत्पन्न त्याच्या आई-बापांपैकी ज्याचं जास्त त्याच्यात मिसळतं. आणि 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे भांडवली नफ्याला लागू नाही. ही एक ओळ न कळल्याने गेल्या वर्षी तीन घरांत नोटीस आली.

नामनिर्देशन करा, पण ते केलं की झालं असं समजू नका. नॉमिनी हा विश्वस्त असतो, मालक वारसच. शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा ठामपणे सांगितलं. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी देता येतात. मृत्युपत्रातली आणि नॉमिनीतली नावं एकच ठेवली तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

अमेरिकी शेअरचं नवं खूळ आहे ॲपवरून. भारतात राहणाऱ्या माणसाच्या नावे मृत्यूसमयी ६० हजार डॉलरपेक्षा जास्त किमतीची अमेरिकेतली मालमत्ता असली, तर तिथला इस्टेट टॅक्स लागू शकतो, वरचा दर ४० टक्के. तिथल्या नागरिकांना २०२६ पासून दीड कोटी डॉलरची माफी आहे, आपल्याला ती नाही, आणि या करावर दोन्ही देशांत करार नाही. मुलगा तिकडे असेल तर त्याला इकडून वारसा मिळाल्यावर तिथे कर नाही. पण एका वर्षात १ लाख डॉलरवर आलं तर ३५२० नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि न भरल्याचा दंड जबर असतो.

सोनं

जळगावच्या लोकांना सोन्यावर मी काय शिकवणार. एवढंच, की आयकर खात्याच्या १९९४ च्या सूचनेनुसार झडतीत विवाहितेचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅम दागिने जप्त करत नाहीत. ती जप्तीपुरती सवलत आहे, मालकीचा पुरावा नाही. सोन्याला निर्देशांकाचा पर्यायही उरला नाही. आजीचे दागिने कोणाला द्यायचे हे आजीनेच, तिच्या हाताने, वजनासह यादी करून लिहावं. स्त्रीधन तिचं आहे, नवऱ्याच्या मृत्युपत्रात ते घालता येत नाही. पुष्कळ पुरुष घालतात.

पाचवी पायरी : कोणता कागद?

*बक्षीसपत्र.* राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात यांना दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. जागेनुसार उपकर आणि नोंदणी फी वेगळी, ती दस्त ठेवण्याआधी दुय्यम निबंधकांकडे विचारा. भाऊ-बहिणीला द्यायचं असेल तर बाजारमूल्याच्या ३ टक्के. दुकान-गाळ्याला २०० ची सवलत नाही. बक्षीस एकदा दिलं की आपलं मन बदललं म्हणून परत येत नाही. म्हणून दस्तात दोन वाक्यं घाला : देणाऱ्याला हयातभर राहण्याचा व उत्पन्न घेण्याचा हक्क, आणि घेणाऱ्याने त्याचा सांभाळ करण्याची अट. ही अट लिहिलेली असेल आणि पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली बक्षीस रद्द करून घेता येतं. सुरुवातीला सांगितलेल्या आप्पांच्या दस्तात ती नव्हती.

'नातेवाईक' या शब्दाला आयकरात विचित्र कडा आहेत. काकाने पुतण्याला दिलं तर कर नाही. पुतण्याने काकाला ५० हजारांवर दिलं, तर काकाला कर आहे. चुलत भाऊ यादीत नाहीच. आपल्याकडे चुलत-सख्खा भेद न मानणारी घरं आहेत, त्यांना हे पटवताना माझा घसा बसतो. मृत्युपत्राने मात्र कोणालाही दिलं तरी घेणाऱ्याला कर नाही.

*मृत्युपत्र.* माझी पसंती यालाच. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करा, फी किरकोळ आहे. दोन साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. वय सत्तरीपुढे असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. खान्देशातल्या मालमत्तेला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, कधीच सक्तीचं नव्हतं. दोन धोके : वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि शेतकरी नसलेल्या जावयाच्या नावे शेतजमीन लिहिली तर कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. लेकीच्या नावे लिहा.

मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू पुरुषाची स्वकष्टार्जित मालमत्ता पत्नी, मुलं, मुली आणि आई यांच्यात समान जाते. वडील पहिल्या वर्गात नाहीत. तरुण मुलगा गेला तेव्हा त्याच्या नावे घेतलेल्या प्लॉटमध्ये बापाला काहीच आलं नाही, असं मी दोनदा पाहिलं.

*वाटणीपत्र.* हिंदू अविभक्त कुटुंबाची पूर्ण वाटणी झाली तर भांडवली नफा नाही, पण आयकर अधिकाऱ्याचा आदेश घ्यावा लागतो. अर्धवट वाटणी १९७८ नंतर आयकर खातं मानत नाही. अर्धी जमीन वाटली आणि गाळा तसाच ठेवला, तर करासाठी कुटुंब अजून एकत्रच. शेताची वाटणी करताना जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे यांपेक्षा लहान तुकडा पाडू नका. विहिरीची पाळी आणि शेतरस्ता दस्तात लिहा. केळीच्या बागेत पाण्याची पाळी म्हणजेच मालमत्ता.

*ट्रस्ट.* पुण्या-मुंबईहून कोणीतरी येऊन कुटुंबाचा खासगी ट्रस्ट विकतो. घरात दिव्यांग मूल असेल किंवा उधळ्या वारस असेल तर तो खरोखर उपयोगी. एरवी हिस्से न ठरवलेल्या ट्रस्टवर सर्वांत वरच्या दराने कर लागतो, आणि शेतजमीन त्यात घालणं म्हणजे महसूल खात्याशी पिढीजात पत्रव्यवहार. बहुतेक घरांना मी नको म्हणतो.

*भागीदारीचा करार.* डाळमिल, जिनिंग, केळीची वखार. दोघेच भागीदार असतील किंवा करारात काही लिहिलं नसेल, तर एकाच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. वारसाला घ्यायचं की पैसे द्यायचे, किंमत कशी काढायची, किती हप्त्यांत, हे तीन परिच्छेद आजच घाला. फर्मच्या नावावरची जमीन निवृत्त भागीदाराला देताना २०२१ पासून फर्मला कर लागतो, त्यामुळे नवी जमीन फर्ममध्ये घालण्यापूर्वी दहादा विचार करा.

सहावी पायरी : तारखा

दिवाळीपर्यंत वही पूर्ण. मार्चपर्यंत वारस नोंदी, डीमॅट, २००१ चे मूल्यांकन अहवाल, अंतराचे दाखले. आखाजीला सगळ्यांसमोर वही वाचायची, सुना आणि जावई बाहेर न पाठवता. वाचणारा घरातला थोरला नसावा, तटस्थ माणूस बसवा. मग महिनाभराने मृत्युपत्र, त्यानंतर गरज असेल तरच बक्षीसपत्र किंवा हक्कसोड.

मागच्या आखाजीला चोपडा तालुक्यातल्या एका वाड्यात मी अशी वही वाचली. सतरावं पान संपलं तेव्हा थोरली लेक म्हणाली, नदीकाठचं शेत यात नाही. तात्या म्हणाले, ते विकलं नं मी, दोन हजार आठला. कोणालाच ठाऊक नव्हतं. पैसे कुठे गेले हेही तात्यांनी सांगितलं, धाकट्याच्या शिक्षणाला. धाकटा मान खाली घालून बसला होता. मग लेकीनेच पेन घेतलं, अठराव्या पानावर ते शेत, साल आणि रक्कम लिहिली, आणि धाकट्याच्या हिश्श्यात ती धरायची की नाही यावर तासभर बोलणं झालं. धरायची ठरली, निम्मी. दस्त ज्येष्ठात झाला.